भीमाकाठची टिटवी आणि माझं एक वाक्य

नदीकाठच्या मुलांना त्यांच्याच नदीबद्दल शिकवायला चालले आहे, असं घरी सांगितलं तेव्हा नवरा हसला. "तुला पोहता तरी येतं का?" नाही येत. पण पक्षी ओळखता येतात, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. एवढ्या भांडवलावर एप्रिलमध्ये तीन दिवसांची रजा टाकली आणि स्कूटर काढली.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी सहाच्या आत नगर रस्त्याला लागा. सणसवाडीत शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बस, सायकली आणि ट्रकच्या गर्दीत स्कूटर अडकते म्हणजे अडकतेच. शिक्रापूरला मिसळ खा. पंधरा रुपये, आणि तर्री मागाल तितकी. तिथून तळेगाव ढमढेऱ्यावरून न्हावऱ्याकडे वळलं की धूर मागे पडतो आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. वडगाव रासाईच्या अलीकडे रस्ता इतका उखडलेला होता की माझ्या डब्यातल्या चकल्यांचा चुरा झाला.

मुक्काम शेख गुरुजींकडे होता. हे वडगावातल्याच शाळेचे शिक्षक. आधी वडिलांनी आणि मग त्यांनी निम्म्या गावाला पाढे शिकवलेत. रात्री वहिनींनी भाकरी आणि नदीतल्या माशांचं कालवण वाढलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, लाजले नाही.

सकाळची शाळा असल्यामुळे सातलाच पाचवीच्या मुलांना घेऊन नदीवर गेले. पाणकावळा, धीवर, शेकाट्या... पोरं माझ्याआधीच बोट दाखवत होती. त्यात सविता नावाची एक काटक मुलगी सगळ्यांच्या पुढे. ती आम्हाला आजोबांच्या रानात घेऊन गेली. ऊस तुटून गेलेला, रान मोकळं.

"बाई, पाय जपून! तिथंच हायती."

मला आधी नुसती ढेकळंच दिसली. मग ढेकळांत टिटवीची चार अंडी दिसली. आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं टिटवी नदीवरून आली. पोटाची पिसं भिजवून आणलेली. तशीच अंड्यांवर बसली. उन्हात अंडी गार ठेवायची तिची रीत. पस्तीस मुलं अर्धा तास गप्प बसली होती. हे माझं यश, मी सांगणारच.

निघताना सविता म्हणाली, "आबा म्हणत्यात, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस लई. खोलगटात घातली की कमी. यंदा उंचावर हायती."

मी लगेच बाईंच्या आवाजात सांगितलं, "टिटवीला पावसाचं काही कळत नाही. ती जागा बघते, एवढंच. घरी जाऊन हे सगळ्यांना सांगा बरं का." मुलांनी माना डोलावल्या. विज्ञान शिकवल्याच्या आनंदात मी दुपारी मस्त झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आतच सविता धापा टाकत आली. "बाई, आबांनी पहाटंच ट्रॅक्टर लावलाय. सगळंच रान नांगरायचं म्हणत्यात."

शेख गुरुजींनी डोक्याला हात लावला. आबा दर वर्षी अंड्यांभोवतीचा तुकडा न नांगरता सोडतात, हे मला तेव्हा कळलं. पावसाचा सांगावा आणणारी पाखरं आहेत, म्हणून. आणि सविताने माझं वाक्य घरी जसंच्या तसं पोहोचवलं होतं.

जमलेल्या पोरांसकट आम्ही धावलो. निम्मं रान उलटून झालं होतं आणि टिटवी ट्रॅक्टरवर झेपावत ओरडत होती. बांधावर उभ्या आबांना मी म्हटलं, "आबा, तेवढा तुकडा सोडा."

आबा चिडले नव्हते, खरंच विचारत होते. "तुम्हीच सांगितलं ना, तिला काय कळत न्हाई म्हणून? मग सोडायचा कशापायी?"

"ती पिकावरचे किडे खाते."

"किड्याला फवारा हाय की."

ट्रॅक्टर वळून पुन्हा आमच्याकडे येत होता. सविता आबांचा हात ओढत म्हणाली, "आबा, ती प्वाट भिजवून आणती. अंडी तापू नयेत म्हून. काल आमी बघितलं. आज तुमच्या ट्रॅक्टरपायी ती पाण्यावर गेलीच न्हाई."

आबा टिटवीकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर केला. "ए, तेवढं सोडून घे रे!" ट्रॅक्टर वळसा घालून गेला. मी बांधावरच बसून रडले. सगळ्या वर्गासमोर, आणि त्याची लाज वाटली नाही.

परतताना पूल ओलांडून दौंडच्या बाजूनं या. चौफुल्याला सोलापूर रस्ता मिळतो आणि उसाचा ताजा रसही. वाटेत मी मोठमोठ्याने गाणी म्हणत होते. चार अंड्यांतून तीन पिल्लं निघाल्याचं गुरुजींनी पुढे कळवलं, आणि मी ते ऑफिसभर सांगितलं.

या वर्षी एप्रिलमध्ये मीच गुरुजींना फोन केला. टिटवीने त्याच रानात पुन्हा अंडी घातली होती आणि आबांनी तुकडा सोडला होता. मी खूश झाले. आबा तिथेच होते, त्यांना फोन द्यायला सांगितला आणि हौसेनं विचारलं, "आबा, यंदा उंचावर घातलीत की खोलगटात?"

"त्ये न्हाई बघितलं, बाई," आबा म्हणाले. "आता बघून काय करायचं?"