कायमचा पत्ता

देव आहे हे आमच्या शेजारच्या काकांनी मान्य केलं असतं, पण आधी देवाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून! भिलाईत सेक्टरमध्ये आमच्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर. कारखान्यात कारकून, पण जीव सगळा चौकशीत. दूधवाला पाणी घालतो का, हे त्यांनी दूधवाल्याला कधीच विचारलं नाही. तो रिसालीत राही, तर तिथे जाऊन त्याच्या शेजारणीला विचारलं, "बाई, तुम्ही याचंच दूध घेता काय?" ती नाही म्हणाली आणि दूधवाला बदलला. मराठी मंडळींत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की काकांनाच धाडत. कुम्हारीच्या एका मुलाची माहिती काढायला गेले, तर त्याच्या घरी पाऊल न टाकता दिवसभर समोरच्या पानठेल्यावर बसून राहिले आणि येऊन म्हणाले, "पोरगा चांगला हाय. बुढीले सायकलवर बसवून दवाखान्यात नेते, आन् रस्त्यानं चिडत नाही." ती मुलगी आजही सुखात आहे. आई एकदा चेष्टेनं काकूला म्हणाली, "भाऊजींनी तुमचीही चौकशी केली असंल!" काकू शांतपणे म्हणाली, "केलीच होती न. माह्या शाळेतल्या बाई अजून सांगतात."

बाबा गेले त्या वर्षी मला कारखान्यात नोकरी लागली. लागली म्हणजे, पोलिसांची पडताळणी तेवढी उरली होती. आता आम्हा विदर्भवाल्यांची एक खोड आहे. क्वार्टरात जन्म जावो, ते काही आपलं नाही. म्हणून अर्जात कायमचा पत्ता विचारला की आम्ही बिनदिक्कत गावाचं नाव ठोकतो. मीही ठोकलं. आम्ही तेव्हाच्या मध्य प्रदेशात, बाबांचं गाव तिकडे महाराष्ट्रात, वर्ध्याकडे, आणि मी तिथे एक रात्रही राहिलेलो नव्हतो. चौकशी तिथे गेली आणि उत्तर आलं की या नावाचा इसम गावात राहत नाही, कोणी ओळखत नाही. झालं! गावच्या पोलीस पाटलानं ओळख पटवली तरच नोकरी, असं ऑफिसात सांगितलं. बाबांच्या मागे क्वार्टर सोडायचं होतं, बहीण शिकत होती, आणि आई तर रडायलाच लागली.

मी काकांकडे धावलो. "काका, तुम्ही मले लहानपणापासून पाहून राहिले. तुम्हीच सांगा न साहेबाले."

"माझं कायले ऐकतीन? चाल, गावाले जाऊ."

गेलो. म्हातारे पोलीस पाटील मला खालीवर न्याहाळून म्हणाले, "याले मी कधी पाह्यलं नाही. सही कशी करू?"

"बराबर हाय तुमचं! करूच नका!" काका खूश होऊन म्हणाले. मी कपाळावर हात मारला. आमच्याच बाजूनं आलेला माणूस हा! पण मग त्यांनी पाटलांनाच सोबत घेतलं आणि मला घरोघर फिरवलं. बाबांच्या शेजारच्या एका आजीनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "अगं माय, हा त नामाचा पोरगा! पाहा न पाटील, नाक त पाहा!" पाटलांना नामा आठवला, आणि त्यांनी तिथेच ओट्यावर बसून लिहून दिलं.

आजी रंगात आली होती. "नामा लहानपणी असा वांड..." काकांनी तिला हात जोडले. "त्याचं राहू द्या, आजी. त्याची चौकशी मले नाही करायची."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काका, जगाची चौकशी करता, मंग बाबांचीच कावून नाही केली?"

काका म्हणाले, "भिलाईत कॅम्प-१ च्या वस्तीत नवा आलो होतो, तापानं फणफणलो होतो. ओळखीचं कोनी नाही. तुह्या बाबानं मले उचलून आपल्या खोलीत नेलं. नाव दोन दिवसांनी विचारलं बे त्यानं. त्यानं केली होती काय माझी चौकशी?"

मला रडू आवरेना.

त्या नोकरीवर आमचं घर उभं राहिलं, बहीण शिकली. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचे आभार मानायला गेलो की हात झटकून म्हणत, "माझे कायले? बाबाचे मान." मी दोघांचेही मानतो.