बाहेरून कुलूप

आपल्या घरात भूत आहे, हे किल्लीवाल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

एक कुरिअरवाला त्याच्या टपरीवर किल्लीची नक्कल करून घ्यायला आला होता. गिऱ्हाईक रिकामं उभं राहिलं की बोलतंच. "मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक घर आहे," तो म्हणाला. "माणसं कधीच पळाली म्हणतात. बाहेरून हे भलंमोठं कुलूप. पण दाराशी उभं राहिलं ना, की आत कोणीतरी श्वास रोखून धरलाय असं वाटतं. रोखलेला श्वास ऐकू येतो का हो? मला आला."

"काहीतरीच काय!" किल्लीवाला हसला आणि त्याच्या हातून किल्लीचा दात वाकडा कापला गेला.

घर त्याचंच होतं. किल्ल्या कापायच्या नव्या मशीनसाठी त्याने कर्ज काढलं. धंदा बसला, हप्ता थकला. मग मोबाईलवरून दुसरं कर्ज, ते फेडायला तिसरं. अशी याची टोपी त्याला घालता घालता वसुलीवाले दारात येऊन शिव्या घालू लागले. तेव्हा पठ्ठ्याने शक्कल लढवली. उजाडायच्या आत बाहेर पडायचं, बायको आणि मुलगी आत असताना बाहेरून कुलूप ठोकायचं. कुलूप बघून माणसं परत जात. स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता! आत आग लागली तर काय, हे एखाद्या शेंबड्या पोरालाही सुचलं असतं, पण कुलपांत हयात गेलेल्याला सुचलं नाही.

घरात कुकर लावणं बंद झालं. बादलीत फडकं टाकून नळ सोडायचा, म्हणजे पाणी वाजत नाही. बायको आधी कुजबुजायची, मग नुसत्या खुणा करू लागली. त्याला वाटलं, बरं जमलंय हिला.

त्या दिवशी मात्र त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. भर दुपारी टपरी बंद करून तो घरी आला. कुलूप नेहमीसारखं आवाज न करता उघडलं. खिडकीखाली भिंतीला टेकून दोघी बसल्या होत्या. त्याला बघून कोणी उठलं नाही.

"अगं, मी आहे."

बायकोने ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, "गेले का ते?"

"कोण?"

"आत्ता बोलत होते ते."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं, तो स्वतः बघून आला होता. मुलीनेही मान डोलावली आणि बोट दाखवलं. दाराकडे नाही, मोरीकडे.

मोरीत बघायचं धाडस त्याला झालं नाही. दोघींचे हात धरून तो तसाच बाहेर पडला. त्याच्या मावसबहिणीने मागे एकदा कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देणाऱ्या एका केंद्राचं नाव सुचवलं होतं, तेव्हा हा तिच्यावरच खेकसला होता. आज पाय आपसूक तिकडे वळले.

तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही," तो सवयीने बोलून गेला. बायको शेजारीच बसली होती. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "जुनं फेडायला नवं कर्ज काढणं आजपासून बंद. मशीनवर तुमचं पोट आहे, तेव्हा तो हप्ता आधी. बाकीच्यांशी मी बोलते, हप्ते लहान करून मागू. वेळ लागेल, पण सुटाल. दारात येऊन कोणी धमकावलं तर तक्रार करायची, लपायचं नाही. आणि भाऊ, दाराला कडी आतून लावतात."

किल्लीवाला मान खाली घालून रडला. हे सगळं विचारायला यायची आपल्याला इतकी कसली लाज वाटत होती, हे त्याला कळेना.

बाहेर पडताना पायरीवर मुलगी पालथी पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. तिचं तोंड उघडलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मान लाल झाली, पण आवाज काही येईना. शेजारून माणसं जात होती, एकानेही वळून बघितलं नाही.

"रड ना गं," तो गुडघ्यांवर बसून म्हणाला. "मोठ्याने रड, बाळा."

मुलीने तसंच तोंड उघडं ठेवून आईकडे बघितलं, चालेल का म्हणून.