साडेचौदा इंचांची पायरी

वर्गातली पोरं त्यांना काका म्हणायची, आणि त्यात पोरांची काही चूक नव्हती. माणूस चाळिशीला टेकलेला, डोक्यावर निम्मेच केस, कमरेला दुखण्याचा पट्टा, आणि शेजारच्या बाकावरची मुलगी एकोणीस वर्षांची. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सर आले असं वाटून सगळी पोरं उठून उभी राहिली. काका मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले. मग जो हशा पिकला, त्यात काकाही होते. करतात काय?

आता काका सेहेचाळीस वर्षांचे झाले होते आणि अजून त्याच कॉलेजात होते.

तसे ते आर्किटेक्टच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन. बावीस वर्षं एकच ऑफिस, एकच खिडकी, एकच उंच स्टूल. साहेबांनी पाकिटाच्या मागे चार रेघोट्या ओढायच्या, "बघ रे बाबा, असं काहीतरी" म्हणायचं आणि निघून जायचं. त्या असं काहीतरीची इमारत करायची काकांनी. दार कुठल्या बाजूला उघडेल, पाणी कुठून वाहून जाईल, खांब नेमका मध्ये आला तर काय करायचं, ही सगळी डोकेफोड काकांची. इमारत उभी राहिली की साहेबांचा सत्कार, आणि काकांना त्या दिवशी ऑफिसातून तासभर लवकर सुट्टी. त्याबद्दल त्यांची फार तक्रार नव्हती. पण एकदा तरी, हातपाय धड आहेत तोवर, स्वतःच्या सहीचा एक नकाशा असावा, एवढं मात्र त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि पदवीशिवाय सही चालत नाही.

म्हणून संध्याकाळचा वर्ग. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सात वर्षांत पुरा करायचा, नाहीतर नाव कमी. एक वर्ष आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनात गेलं, एक वर्ष साहेबांनी घेतलेल्या एका हॉस्पिटलच्या घाईत गेलं. आता सातवं चालू होतं. दिवसभर दुसऱ्याच्या भिंती काढायच्या, संध्याकाळी स्वतःच्या. नाकी नऊ आले होते. बायको एका शाळेच्या कार्यालयात टायपिंग करायची. ती एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही बसल्या बसल्या डोळे मिटता आणि बोटं हवेत रेघा ओढतात. मला भीती वाटते हो." काकांनी बोटं खिशात घातली. त्याहून जास्त काय करणार?

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यांनी निवडला होता तो शहरात माणसाला तिकिटाशिवाय जाता येईल अशा तीन जागांचा. उड्डाणपुलाच्या पोटाखाली एक रंगमंच. जुन्या बाजाराच्या ओसाड पडलेल्या माळ्यावर गाण्या-नाटकाच्या तालमींच्या खोल्या. आणि बंद पडलेल्या पंपघरात खाली वाचनालय, वर चित्रांचं दालन. पोरांनी काचेचे मनोरे काढले होते, एकानं तर तरंगतं संग्रहालय काढलं होतं. काकांच्या नकाशात दर जागेला संडास होता, पिण्याचं पाणी होतं, आणि राखणदाराला पाठ टेकायला भिंत होती. मार्गदर्शक बाई त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या इमारतीत शिरलं की आधी बसावंसं वाटतं." काकांना ते इतकं बरं वाटलं की घरी जाऊन त्यांनी ते दोनदा सांगितलं.

वर्गात सगळे कॉम्प्युटरवर काढायचे. काकांनाही यायचं, हल्ली ऑफिसात तेच करायचे. पण हे नऊ कागद हातानं काढायचे असा त्यांचा हट्ट होता. चार महिने लागले. शेवटचा कागद पुरा झाला त्या रविवारी दुपारी त्यांनी नऊही कागदांच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती नेहमीची चौकट आखली. संकल्पना, रेखांकन, तारीख. हात आपोआप चालत होता. बावीस वर्षांची सवय ती, तिला कोण थांबवणार?

परीक्षेच्या सकाळी कागद भिंतीला टाचण्यांनी लावले. बाहेरून आलेले परीक्षक गृहस्थ सभ्य होते, आवाज कधी चढवत नव्हते. त्यांनी पुलाखालचा रंगमंच पाहिला, मान डोलावली. तालमीच्या खोल्या पाहिल्या, पुन्हा मान डोलावली. मग चष्मा वर करून कोपऱ्यातल्या चौकटीशी वाकले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

काकांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संकल्पना या शब्दापुढे साहेबांची आद्याक्षरं होती. रेखांकन या शब्दापुढे काकांची. नऊच्या नऊ कागदांवर, सुरेख टपोऱ्या अक्षरांत. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"सवयीनं झालं," काका म्हणाले. "ऑफिसात असंच लिहितो."

परीक्षक हसले नाहीत. साहेबांचं नाव शहरात कोणाला माहीत नाही? त्यांनी पंपघराचा कागद पुन्हा पाहिला, आणि या वेळी त्यांचं बोट जिन्यावर जाऊन थांबलं. "सवयीचं मी समजू शकतो. पण हा जिना तर त्यांच्या सभागृहातला आहे. दर सहा पायऱ्यांनंतर भिंतीत कोरलेली बसायची पायरी, साडेचौदा इंच उंच, मागं किंचित कललेली पाठ. मी हा जिना दरवर्षी वर्गात शिकवतो."

"तो माझाच आहे," काका म्हणाले.

काकांनाच आपला आवाज परका वाटला. हे वाक्य त्यांनी चौदा वर्षांत घराबाहेर कधी उच्चारलं नव्हतं.

आणि ते खरं होतं. शंभर टक्के खरं. चौदा वर्षांपूर्वी काका आईला जुन्या नाट्यगृहात घेऊन गेले होते. जागा वर, सज्जात. आई उंचीनं चार फूट सात इंच, गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. निम्म्या जिन्यात ती बसली. लोक तिला वळसा घालून वर जात होते आणि दारावरचा माणूस खालून ओरडत होता, आजी, रस्त्यात बसू नका. आई उठली, पण नाटकभर एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले आणि आईला त्यांवर बसवलं. अठरा इंचांवर तिचे पाय लोंबकळले. बारा इंचांवरून तिला उठता येईना. गठ्ठा वाढव, गठ्ठा काढ, असं करता करता साडेचौदा इंचांवर तिचे पाय टेकले आणि ती कशालाही न धरता उठली. आई म्हणाली, "झालं तुझं खेळणं?" काकांनी तो आकडा लिहून ठेवला. त्याच महिन्यात साहेबांकडे सभागृहाचं काम आलं, आणि जिना काकांच्या टेबलावर.

हे सगळं परीक्षकांना सांगायला पाहिजे होतं. काकांनी सुरुवातही केली, पण वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि आईचे गुडघे भिंतीवरच्या त्या कागदांपुढे कसेतरीच वाटायला लागले. ते मध्येच थांबले.

"आठ दिवस देतो," परीक्षक म्हणाले. "बाकीचं काम चांगलं आहे, मला तुम्हाला नापास करायचं नाही. साहेबांचं पत्र आणा की प्रकल्प तुमचा आहे आणि जिनाही तुमचा आहे. नाहीतर जिना बदला." सातवं वर्ष आहे हे बाईंनी त्यांच्या कानावर घातलं. "म्हणूनच आठ दिवस," ते म्हणाले.

साहेब आता सत्तरीचे. ऑफिसात दोन तास यायचे, चहा घ्यायचे, जुन्या गोष्टी सांगायचे. माणूस मनाचा वाईट नाही. काकांच्या आईच्या ऑपरेशनला डॉक्टर त्यांनीच शोधून दिला होता. काकांनी सगळं सांगितल्यावर ते आधी पोट धरून हसले. "नऊही कागदांवर माझं नाव? अरे बाबा, तू म्हणजे कमाल आहेस." लगेच कागद ओढून पत्र लिहायला बसले. प्रकल्प याचा स्वतःचा, माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, माणूस हुशार आणि कष्टाळू. दोन परिच्छेद भरून कौतुक. सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"साहेब, जिन्याचं," काका म्हणाले.

"जिन्याचं काय?"

"जिना मी केला होता, असं एक वाक्य."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि काकांना तेच सहन होईना. "काढलास तू. काय सुरेख काढलास, अजून सांगतो मी लोकांना. पण सुचला मला रे. मला जागासुद्धा आठवते, एका लग्नाहून गाडीतून परत येत होतो. साडेचौदा का, ते विचारतात मला. मी सांगतो, प्रमाण. डोळ्याला प्रमाण कळतं."

"ते माझ्या आईचं माप आहे, साहेब."

"आई कशा आहेत आता?" साहेबांनी विचारलं, आणि खरंच काळजीनं विचारलं.

काका म्हणाले, बऱ्या आहेत. मग त्यांनी वर्तमानपत्रांची सगळी हकिकत सांगितली. या वेळी थांबले नाहीत. साहेबांनी ती नीट ऐकून घेतली, उठले, आणि मागच्या मांडणीतून सभागृहाची सुरळी स्वतः शोधून काढली. टेबलावर पसरली. जिन्याचा कागद वर आला. कोपऱ्यात चौकट होती. संकल्पना, साहेबांची आद्याक्षरं. रेखांकन, काकांची.

"हे अक्षर तुझंच ना?" साहेबांनी मृदू आवाजात विचारलं.

अक्षर काकांचंच होतं. इतकं वळणदार अक्षर त्या ऑफिसात दुसरं कोणाचं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी हात धरला नव्हता. रीत होती म्हणून लिहिलं होतं, शाई सुकायला वेळ दिला होता आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. बावीस वर्षांतल्या प्रत्येक कागदावर हेच. आता भांडायचं तर कोणाशी? साहेबांशी भांडता आलं असतं, साहेब खोटं बोलत असते तर. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती गाडी आणि ते लग्न खरोखरच आठवत होतं. काकांनी पत्राची घडी घातली, साहेबांना नमस्कार केला आणि खिडकीशेजारी आपल्या स्टुलावर जाऊन बसले. दुपारी एका बंगल्याच्या गच्चीचा नकाशा द्यायचा होता, तो त्यांनी वेळेत दिला.

जिना बदलायला दोन संध्याकाळी पुरल्या. मापांचं जे जाडजूड पुस्तक सगळे वापरतात, त्यातून काकांनी जिना उचलला. पायऱ्या पुस्तकातल्या, कठडा पुस्तकातला, वळणावर अठरा इंच उंचीचं बाक, तेही पुस्तकातलं. असा जिना शहरातल्या कुठल्याही बँकेत सापडेल. जुना जिना ब्लेडच्या पातीनं खरवडून काढताना कागद एका जागी विरला, तिथं मागून ठिगळ लावावं लागलं. नऊ कागदांवरची चौकट बदलली. संकल्पना, स्वतःची आद्याक्षरं. जीव इतका मेटाकुटीला आला होता की शाई सुकेपर्यंत जागं राहायलासुद्धा त्राण नव्हतं.

आठव्या दिवशी परीक्षकांनी पत्र वाचलं, पंपघराच्या कागदापुढं उभे राहिले, आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले. "हे बघा. आता कसं तुमचं स्वतःचं वाटतंय," ते म्हणाले. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. काका म्हणाले, "हो सर." आणि पास झाले.

काखेत नऊ कागदांची सुरळी घेऊन घरी पोचले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई तिच्याशी बोलत उभ्या होत्या. काकांची बायको आतून हात पुसत आली. तिला सगळं माहीत होतं. आईला कोणी सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगायचं?

"झालास का पास?" आईनं विचारलं.

"झालो."

आईनं डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाली, "आणि माझी पायरी? ती बघितली का त्यांनी?"

बायकोनं काकांकडे पाहिलं. काका बूट काढायला खाली वाकले होते. नाडीची गाठ सुटायला जरा वेळ लागला.

"बघितली," ते म्हणाले. "तीच सगळ्यात जास्त आवडली."

"त्या सभागृहात तुझं नाव नव्हतं लावलं कोणी. आता तरी लागलं ना?"

"लागलं, आई. माझंच नाव आहे."

आई समोरच्या बाईंकडे वळली. तिचा चेहरा असा उजळला होता की काकांना तिथं उभं राहवेना. "ऐकलंत ना? शिकलेसवरलेले परीक्षक," ती म्हणाली, "आणि माप माझ्या पायांचं." ती खुर्चीचा हात धरून उठली आणि म्हणाली, मला तो कागद दाखव.

काका काही बोलायच्या आत बायकोनं सुरळी त्यांच्या काखेतून काढून घेतली. "उद्या दाखवतील, आई. दमलेत ते," ती म्हणाली, आणि सुरळी आत नेऊन कपाटावर, आईचा हात पोचणार नाही इतक्या मागं सरकवून ठेवली.