नेल्सनचा मधला स्पीकर

नेल्सन गेल्याचा मेसेज त्याच्या मुलीने, सोनियाने पाठवला, तेव्हा मी शारजात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगखाली पार्किंग शोधत चकरा मारत होते. "आंटी, डॅड पास्ड अवे धिस मॉर्निंग. मॉम इज ओके." एवढंच. उपचारांसाठी तो वसईला गेला त्याला जेमतेम महिना झाला होता. जागा मिळाली, गाडी लावली, आणि मी आत तशीच बसून राहिले... खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, आधी राग आला. मला दुबई, शारजा, अजमान पालथं घालायला लावून शोधलेला तो स्पीकर, आणि स्वतः त्याने तो ऐकला किती? धड एक आठवडासुद्धा नाही.

नेल्सन आणि लीना आमच्या समोरच्या दारातले. तो दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघायचा, दिवसभर लोकांच्या लग्नांत आणि कॉन्फरन्सांत उभा असायचा. शनिवारी संध्याकाळी मात्र त्याच्या हॉलमध्ये सिनेमा. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीचे दोन जुने स्पीकर होते, त्यांच्यावर त्याचा भारी जीव. लीनाचा उजवा कान एका तापात कायमचा गेला होता. एका कानाच्या माणसाला शांत खोलीत बोललेलं छान कळतं, पण सिनेमात गाणं, गाड्या आणि माणसं एकदमच अंगावर आली की सगळ्याची खिचडी होते. त्यामुळे नेल्सन तिच्या डाव्या बाजूला बसायचा आणि प्रत्येक संवाद तिच्या कानात सांगत राहायचा. सिनेमा इंग्रजी असो नाहीतर हिंदी, तो सांगायचा कादोडीत, म्हणजे वसईकडच्या त्यांच्या घरच्या बोलीत. पलीकडच्या खुर्चीत बसून मला नुसती गुणगुण ऐकू यायची. मी पुण्याची, कादोडी माझ्या कानावरून जायची. सुरुवातीला त्या गुणगुणीचा मला वैताग यायचा, नंतर ती नसली तर सिनेमा अळणी वाटायला लागला.

आजाराचं निदान झाल्यावर त्याने मला लिफ्टपाशी गाठलं. "मंजिरी, तुझी मोठी गाडी लागणार आहे. आणि तुझे कान." मी म्हटलं, "मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणतो, "म्हणूनच तर तू हवीस. कळणारे लोक फार बोलतात." गाडीत बसल्यावर त्याने सरळच सांगितलं. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते, म्हणजे काय ते तो समजला होता. "माझ्यानंतर हिला सिनेमा कोण सांगणार? सोनियाला कादोडी येत नाही, आणि पेशन्स तर झीरो. हिला आपलं आपण ऐकू आलं पाहिजे." त्यासाठी त्याला मधला स्पीकर हवा होता. टीव्हीच्या बरोबर खाली आडवा बसणारा, ज्यातून मुख्यतः माणसांचं बोलणं येतं. तो असला की बाकीचा गोंगाट दोन्ही बाजूंना राहतो, आणि बोलण्याचा आवाज तेवढा वेगळा वाढवता येतो. हे मला नवीनच होतं. इतकी वर्षं समोर बसून मी कधी विचारलंच नव्हतं की पडद्यावरचा माणूस नेमका कुठून बोलतो!

दुकानातल्या सेल्समनने आम्हाला भला थोरला स्पीकर दाखवला आणि त्यावर हेलिकॉप्टर उडवलं. खुर्च्या थरथरल्या. नेल्सन हात जोडून म्हणाला, "हबीबी, हमारे घर में हेलिकॉप्टर नहीं आता. किसी आदमी को बोलते हुए सुनाओ." मग त्याने मला समजावलं. माणूस बोलत बोलत पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला, तर त्याचा आवाज आधी डाव्या स्पीकरमधून येतो, मग मधल्यातून, मग उजव्यातून. तिन्हींचा गळा एक नसेल तर मध्ये आल्यावर तो भलताच कोणीतरी होतो. आता हे पडताळून घ्यायचं तर घरचा स्पीकर दुकानात न्यायला हवा! पुढच्या वेळी आम्ही त्यातला एक चादरीत गुंडाळून ट्रॉलीवरून खाली आणला, तर वॉचमन आडवा आला. सामान बाहेर चाललं म्हणजे घर सोडणार, हे इथलं गणित. "साब, शिफ्टिंग का परमिशन लेटर?" नेल्सन म्हणाला, "शिफ्टिंग नहीं भाई, इसके लिए जोडीदार देखने जा रहे हैं." वॉचमनने मान डोलावली आणि दार धरून उभा राहिला.

दुकानात मला डोळे मिटून बसवलं. एक वृत्तनिवेदक लावला, कधी आमच्या स्पीकरवर, कधी त्यांच्या. माणूस तोच, वाक्य तेच. पण त्यांच्या स्पीकरवर आला की त्याला सर्दी झालेली. दुसरा लावला, तर तो रागावलेला. तिसऱ्यावर दात नसलेला. मी हे असंच्या असं सांगत गेले आणि नेल्सन खूश होत गेला. मला कळेना की एकाच माणसाचं एकच वाक्य इतकं कसं बदलतं. दुकानदाराला मीच प्रश्न विचारायला लागले. तो शेवटी कंटाळून म्हणाला, "सर, तीनों नया ले लो, झंझट खलास." नेल्सनने मान हलवली. लीनाच्या चांगल्या कानाला घरच्या दोघांची सवय होती, त्या कानाला नव्याने शिकवायला त्याच्याकडे वेळ नव्हता. हे तो अगदी सहज म्हणाला. मी काचेतून बाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

घरच्या स्पीकरांची ती जुनी मालिका कंपनीने कधीच बंद केली होती. मग जाहिराती चाळणं सुरू झालं, देश सोडून जाणाऱ्यांच्या. इथे रोज कोणीतरी जात असतं आणि त्याचा सोफा, फ्रिज, सायकल मागे उरते. अजमानमध्ये एक इजिप्शियन इंजिनियर कायमचा गावी परतत होता. त्याच्याकडे नेमका तोच मधला स्पीकर होता. बाजूचे दोन त्याच्या मांजरीने नखांनी फाडून ठेवले होते, मधला तेवढा उंचावर होता म्हणून वाचला. नेल्सनने त्या मांजरीला शोधून काढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "थँक यू, मॅडम," म्हणाला. परतताना स्पीकर त्याने मागे ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसला. त्याचे हात तोवर खूप बारीक झाले होते... मी गाडी उगाचच हळू चालवत होते.

बसवतानाही त्याची किचकिच. टीव्हीच्या कपाटाच्या कप्प्यात आत ढकलला तर आवाज घुमतो, म्हणून तो अगदी कडेपर्यंत पुढे ओढला. पुढून रबराचे तुकडे लावून उचलला, कारण त्याचं तोंड सोफ्यावर बसलेल्या लीनाच्या चेहऱ्याकडे हवं होतं, गुडघ्यांकडे नको. तिथली मदर मेरीची मूर्ती हलवायला लीनाने साफ नकार दिला, तेव्हा टीव्हीच वर सरकला. मग त्याने बातम्या लावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. लीना सोफ्यावर एकटी. "काय म्हणाला तो?" त्याने आतून विचारलं. लीनाने शब्दन् शब्द सांगितला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतर चारपाच दिवसांतच ती दोघं वसईला गेली. सिनेमा बघायचा राहिलाच.

गेल्या आठवड्यात लीना समोरच्या घरी, सोनियाकडे परत आली. शनिवारी तिने स्वतःच बेल वाजवली, "ये ना, सिनेमा लावते." तिने त्यांचा एक आवडता जुना इंग्रजी सिनेमा काढला, मीही तो तिथेच कितीदा पाहिलेला. तिच्या डाव्या बाजूला बसायचं माझ्या जिवावर आलं, मी आपल्या खुर्चीतच बसले. मधला स्पीकर उत्तम बोलत होता. कुणालाही सर्दी नव्हती. पण थोड्या वेळाने लीनाच्या कपाळावर आठी दिसू लागली. मी विचारलं, "कळत नाहीये का?" "सगळं कळतंय," ती म्हणाली, "पण हा सिनेमा मी पाहिलेलाच नाही." कोर्टातला वकील तावातावाने बोलत होता. "हा तर सासूने सुकट जाळली म्हणून भांडत होता!" न्यायाधीशाला म्हणे लग्नाचं आमंत्रण नव्हतं, म्हणून तो घुश्शात होता. आम्ही दोघी इतक्या हसलो की सोनिया आतून आली आणि "मॉम, आर यू ऑल राइट?" विचारून गेली. वर्षानुवर्षं हा माणूस तिच्या कानात स्वतःचेच सिनेमे सांगत आला होता! आणि मधला स्पीकर बसला की ते उघडं पडणार, हे त्याला कळलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

शेवटी विमानतळाचा प्रसंग आला. नायक कायमचा निघालेला. तो वळून बायकोला फक्त "टेक केअर" म्हणतो आणि जातो. लीनाने सिनेमा थांबवला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. "एवढंच?" ती म्हणाली. "इथे तर हा कितीतरी बोलायचा... दर वेळी."

माझी उत्सुकता मला गप्प बसू देईना. मी विचारलं, "काय बोलायचा?"

तिने डोळे पुसले, आणि चक्क लाजली. "ते कादोडीत होतं, मंजिरी. तुला नाही कळायचं."