डिस्कमध्ये नसलेला भाग

"हिची हरकत मोजायची का?"

सरांनी हे खोलीला विचारलं. मला नाही. मी समोरच बसले होते.

पुण्यातली खोली. कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी अशी संगणकप्रणाली आम्ही सातआठ जण बांधतो. कुठला प्रोग्राम कसा बांधून द्यायचा, याचे नियमही आमचेच. त्या दिवशी प्रोग्रामिंगच्या भाषांचा नियम होता. भाषा चालवायला जे लागतं त्याचे तुकडे करायचे. लोकांना देतो त्या डिस्कवर नुसता गाभा, बाकीचं ज्याने त्याने नेटवरून उतरवायचं. डिस्क हलकी होते. सगळ्यांनी हो म्हटलं. मी हरकत लिहिली. एक जरी हरकत उभी असली तरी आमच्यात नियम पुढे सरकत नाही. आणि मागे घ्यायची तर ज्याची त्यानेच.

"अगं, तुमच्या सातपुड्यातल्या मोलगीत कोण बसलंय प्रोग्राम लिहायला? आधी तुमच्याकडे टॉवर तर येऊ दे," सर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

नववीत शाळा सुटली माझी. सरांनी दाखला न विचारता काम दिलं, शेजारी बसवून शिकवलं. ते उपकार खोटे नाहीत. म्हणूनच त्यांच्यासमोर हरकत धरून बसणं जड जात होतं. शेजारचा आमच्याच जिल्ह्यातला, सपाटीवरच्या शेतीवाडीवाल्या घरचा. हळूच अहिराणीत म्हणाला, "मांगे लई ले ना ताई. कसाले नादी लागस?"

मी स्क्रीनवर हरकत मागे घ्यायचं बटण शोधू लागले. आणि मोलगी आठवली.

बाजारच्या दिवशी जीपमधून अशीच एक डिस्क आली होती. एका खोलीत एकच कॉम्प्युटर, नेट नाही. प्रोग्रामिंगच्या पुस्तकातला पहिला धडा चालला. दुसरा चालला. तिसऱ्याला मशीनने लिहिलं, हा भाग सापडला नाही. मला वाटलं, मीच काही मोडलं. घरात पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, शाळा सोडलेली पोरगी. आपल्या डोक्यातच तो भाग नसणार. कुणाला सांगितलं नाही. दोन बाजार तिकडे फिरकले नाही. माझ्याबरोबर शिकणारी मैत्रीण तर परत आलीच नाही. गुजरातेत ऊसतोडीला गेली. अजून तिला वाटतं, तिला जमलं नाही.

बटणावर बोट होतं, तेव्हा कळलं. आमच्या डोक्यात काही कमी नव्हतं. अशाच कुठल्यातरी खोलीत, हसत हसत, तो भाग डिस्कमधून काढला होता.

बोट उचललं.

"सर, मोजा माझी हरकत. डिस्क दिली तर ती शेवटच्या धड्यापर्यंत पुरली पाहिजे. नाहीतर भाषा दिली म्हणू नका."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "यासाठी शिकवलं तुला?"

"हो सर."

नियम अडून आहे. सर माझ्याशी बोलत नाहीत. आज कामावरून काढतील, उद्या काढतील, हा विचार रोज सकाळी येतो. येऊ दे. ते बटण रोज माझ्यासमोर असतं. माझ्याशिवाय कुणाला ते दाबता येत नाही, आणि मी दाबणार नाही.