भिंतीपलीकडे व्हॉइस मेसेज

माणसाने बोलायचं ते मोबाइलमधूनच, समोरासमोर बोलणं हा निव्वळ आळशीपणा आहे, असं मानणारा एकच माणूस या पृथ्वीतलावर आहे आणि तो माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. राहायला मोशीत, घर पिढीजात शेतकऱ्याचं. पण शेतं गेली, इमारती आल्या आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या हातात कुणीतरी मोबाइल दिला. तो हात पुन्हा मोकळा झाला नाही. ते लिहीत नाहीत. व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि तेही या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात. चहा हवा असला की ओसरीवरून स्वयंपाकघरात मेसेज जातो. विहीणबाई तो उघडतही नाहीत, कारण मूळ आवाज त्यांना भिंतीतूनच ऐकू आलेला असतो. चिंचवडला आमच्याकडे आले तर बेल दाबत नाहीत. 'व्याही, दारात उभा हाय' असा मेसेज टाकतात आणि मी तो ऐकेपर्यंत जिन्यात उभे राहून साऱ्या भावकीला शुभ सकाळची फुलं वाटतात.

या वेडाचा फायदा नाही असं मात्र म्हणवत नाही. एकदा त्यांची म्हैस सुटली. पूर्वी अख्खं घर हाका मारत इंद्रायणीपर्यंत पळालं असतं. यांनी तिचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि अर्ध्या तासात ती एका नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधोमध, आखलेल्या रेषेत शिस्तीत उभी सापडली. 'बघा व्याही,' ते मला म्हणाले, 'म्हसरू सुदिक ग्रुपवर सापडतंय.'

माणूस मात्र त्याच ग्रुपवर हरवला. माझ्या मुलाची आणि त्यांच्या मुलीची सुपारी फोडायची होती. त्यांच्या घराण्यात सुपारी फोडतो तो घरातला थोरला. म्हणजे व्याह्यांचे थोरले बंधू, राहायला एका भिंतीपलीकडे. त्यांना आवतण द्यायला धाकट्याने स्वतः जायचं, ही रीत. पण यांनी थोरल्यांना मोबाइल घेऊन दिला होता, ग्रुपमध्ये घातलं होतं. आवतण ग्रुपवर गेलं, थोरल्यांच्या निळ्या खुणा आल्या, वर अंगठाही आला. झालं, मान पोचला.

सुपारीच्या दिवशी मांडव भरला, भटजी आले, थोरल्यांचा पत्ता नाही. यांनी लागोपाठ तीन मेसेज पाठवले. तिन्हींना अंगठा आला. तेवढ्यात थोरल्यांची सून कुरुळीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून थेट मांडवात शिरली. तिच्या हातात तोच मोबाइल.

'नाना, ह्यो माझ्याकडंच असतोय,' ती व्याह्यांना म्हणाली. 'मामंजींना कुठला कळायला? मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाई, मी आपला अंगठा देते. म्हणलं, आवतण द्यायला तुमी घरी येणारच की.'

व्याह्यांचा चेहरा उतरला. थोरले आले नाहीत तर सुपारी फुटणार नाही, आणि रुसलेले थोरले उंबऱ्यावरूनच परत पाठवतात, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. व्याही उठले. मीही मागोमाग गेलो. थोरल्यांच्या दारात पोचल्यावर सवयीने त्यांचा हात खिशात गेला. मी तो धरून ठेवला.

आत थोरले पलंगावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, पांढरं धोतर, डोक्यावर फेटा, पायात वहाणासुद्धा. सकाळपासून तयार होऊन तसेच बसलेले. बांधाबांधावर आवाज पोचवणारे आमचे व्याही पुढे झाले. त्यांनी वाकून नुसते पाय धरले.

'आवाज तर तुजा रोजच ऐकतोय मी,' थोरले म्हणाले. 'पर त्यात माजं नाव नसतंय.'

'चल दादा,' एवढंच हे बोलले. सुपारी फुटली.

व्याही सुधारले असं कुणी समजू नये. आमच्या सूनबाईला रोज सकाळी माहेरहून पाच मिनिटांचा मेसेज येतो. त्यात हवापाणी असतं, म्हशीची तब्येत असते. फक्त मध्येच ते थांबतात, भिंतीकडे तोंड करून ओरडतात, 'दादा, हायेस का?' पलीकडून 'हाय' ऐकू येतं आणि मेसेज पुढे सुरू होतो. ते ऐकायला आम्ही चौघं चहाचे कप खाली ठेवतो. अलीकडे ते 'हाय' यायला जरा वेळ लागतो. ते येईपर्यंत आमच्या घरात कुणी कप उचलत नाही.