मटणाच्या रश्श्यात बिअर

त्या रविवारी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेगडीपाशी बसले की वाटायचं, दारात जाऊन बघावं. दारात गेले की वाटायचं, मटण खाली लागलं असेल. आमच्या घरी एक रशियन साहेब आणि त्याची बायको जेवायला येणार होते.

भिलाईत येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. कारखाना अजून उभा राहत होता. सेक्टर दोनमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. रस्त्याला झाड म्हणून नव्हतं. ट्रक गेला की धूळ उडायची आणि दोरीवरचं धुणं पुन्हा धुवावं लागायचं. माझे यजमान वेल्डर होते. नागपूरहून आले तेव्हा साधे खलाशी, म्हणजे वरकाम करणारे मजूर होते, पण या रशियन साहेबाने त्यांचा हात हातात धरून त्यांना वेल्डिंग शिकवलं. आता साहेबाची परत जायची वेळ जवळ आली होती. "जायच्या आधी त्यानं एक डाव आपल्या घरी जेवलंच पाह्यजे," असं हे धरून बसले होते.

माझ्यापेक्षा जास्त तयारी सासूबाईंची होती. जमीन सारवायची नव्हती, सिमेंटची होती, तरी त्यांनी ती दोनदा पुसली. त्यांचा जन्म वर्धेकडच्या एका खेड्यात गेला होता. तिथे आमच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. त्यांच्या घरी बाहेरचा माणूस पानावर बसून जेवला, असं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. नागपूरला दीक्षा घेतल्यापासून त्यांची मान ताठ झाली होती, आणि दारूला न शिवण्याची प्रतिज्ञा तर त्या प्राणापलीकडे जपत. सासरे दुर्ग लाइनवर रेल्वेत गँगमन होते. ते दारूपायीच गेले. लग्नाच्या मांडवात कोणी पिऊन आलेला दिसला तरी सासूबाई न जेवता उठून येत.

मटण शेरभरच होतं आणि खाणारी सहा माणसं. म्हणून मी रात्रीच बरबटी, म्हणजे चवळी, भिजत घातली होती. कांदा लालबुंद परतला, लसूण-खोबऱ्याचं वाटण घातलं, भिवापुरी मिरच्या भाजून वाटल्या आणि टमाटे चिरून टाकले. मटण आणि बरबटी एकाच गंजात चढवली. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. पण बरबटी काही केल्या शिजेना. नळ केव्हाच गेला होता, माठात तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं, तेही पाहुण्यांना प्यायला हवं. सासूबाई बादली घेऊन शेजारच्या ओळीत पाणी मागायला गेल्या. हे दुभाष्याला आणायला सायकलवर गेले. मी एकटीच होते.

आणि तेवढ्यात पाहुणे आले. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी.

साहेब खोलीतल्या उसन्या खुर्चीवर बसला. त्याची बायको मात्र सरळ स्वयंपाकघरात आली. ठेंगणी, अंगाने भरलेली, लाल गालांची, डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेला. तिने मला मिठीच मारली. मग झाकण उचलून गंजात डोकावली, वास घेतला आणि खाली लागत आलेला रस्सा बघून "ओय, ओय" करू लागली. मी रिकामा माठ वाकडा करून दाखवला. तिला कळलं. तिने आपल्या पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, एकीचं बूच उडवलं आणि मी काही म्हणायच्या आत अख्खी बाटली गंजात ओतली.

रस्सा फसफसून वर आला. मला वाटलं, सोडा असेल. तिने पळीभर रस्सा काढून माझ्यापुढे धरला, मीठ बघ म्हणून. मी चाखला. तिखट होताच, पण त्यात एक कडवट गोडी होती, जी माझ्या हाताला कधी आली नव्हती. मी मान डोलावली. ती खूश झाली आणि बाटली माझ्या नाकाशी आणून म्हणाली, "बिअर! बिअर!"

दीक्षा मीही घेतली होती, वडिलांच्या शेजारी उभी राहून.

मी दोन्ही बाटल्या कोळशाच्या डब्यामागे लपवल्या. परत काढल्या. परत लपवल्या. बाईला वाटलं मी लाजते आहे, ती हसत होती. सासूबाई बादली घेऊन आल्या, पाहुणी बघून हरखल्या, आपल्या हाताने तिला पाणी दिलं. मला म्हणाल्या, "अवं, अशी भिरभिर काय करून राहिली? झालं ना सगळं?"

"झालं, आत्याबाई."

हे दुभाष्याला घेऊन आले तसं मी यांना मागच्या दारात ओढून सांगितलं. यांचा चेहरा पडला, पण म्हणाले, "उकळलं का सारं उडून जाते. मायले सांगू नको. तिचा आजचा दिवस खराब नको करू."

मी बरं म्हटलं. भाकरी थापायला बसले आणि तीन भाकरी फाटल्या. न सांगता वाढलं तर आयुष्यभर मला सासूबाईंकडे सरळ बघता येणार नाही. सांगितलं तर पाहुण्यांच्या देखत त्या उठून जातील. त्या उठल्या तर त्यांच्या घरी पहिल्यांदा बसलेली ही पंगत मोडली. मग सांगावं तरी कसं? तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा मला भान आलं.

सगळे ओळीने बसले. सासूबाई पाहुणीच्या शेजारी. मी वाढलं. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं.

"नका खाऊ, आत्याबाई. त्यात बिअर पडली हाये."

यांनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंचा हात तसाच राहिला. तुकडा ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "कोणं टाकली?"

मी पाहुणीकडे बघितलं. दुभाषी दिल्लीकडचा तरुण होता. त्याने घाबरत घाबरत रशियनमध्ये सगळं सांगितलं. बाईचे लाल गाल पांढरे पडले. ती धडपडत उठायला लागली, नवऱ्याशी भराभर काही बोलायला लागली.

"हिले माहीत होतं का?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही. पाणी नव्हतं म्हणून टाकली. तिच्या मनानं चांगलंच केलं तिनं."

"मंग काहून उठून राहिली? बसव तिले." आणि त्यांनीच तिचा हात धरून खाली बसवलं. "माहा ठेचा आन् कांदा आन."

मी त्यांचं ताट बदललं. ठेचा, कांदा, भाकरी. त्या शांतपणे जेवू लागल्या. पाहुणीने ते बघितलं आणि आपलं ताट बाजूला सारून सासूबाईंच्या ताटातला ठेचा बोटाने उचलून तोंडात घातला. पुढच्या क्षणी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! सासूबाईंनी घाईने गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला. साहेब पोट धरून हसला, दुभाषी हसला, मग सासूबाईही. मटण साहेबाने, दुभाष्याने आणि यांनी संपवलं. हे माझ्याकडे न बघता दोनदा वाढून घेत होते.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी तो गंज स्वतः राखेने घासला. मी काढून दिलेली दुसरी बाटली मोरीत रिकामी केली. मी मागे उभी होते, मला खाली बसवत नव्हतं. शेवटी म्हटलं, "आत्याबाई, मी मीठ चाखलं. त्याच्यानंतर मले समजलं."

त्यांनी घासणं थांबवलं. "कसं लागलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "चांगलं लागलं."

"हं," त्या म्हणाल्या. "तोच तर वांधा हाये पोरी. तुह्या सासऱ्यालेही चांगलंच लागे."

एवढंच. मला शिक्षा हवी होती, निदान दोन रागाचे शब्द. ते मिळाले नाहीत, म्हणून मी पुढचे कित्येक दिवस आतल्या आत कुढत राहिले. बरबटी-मटण मी नंतर अनेकदा केलं आणि दर वेळी पहिला घास घेताना तीच कडवट गोडी शोधली. सापडली नाही याचं बरं वाटायचं आणि वाईटही.

जायच्या आधी ती बाई मला बाजारात दिसली. ती धावत आली, आणि भर बाजारात, भाजीवाल्यांच्या देखत, तिने दोन्ही हातांनी आपले कान धरले. हे तिला कोणी शिकवलं, कोण जाणे. मी तिचे हात खाली केले. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने मला पुन्हा तशीच घट्ट मिठी मारली, आणि या वेळी मीही तिला धरलं.